ताप नसलेला आजार : लठ्ठपणा आणि आपली आरोग्यव्यवस्था



नल्लकुंट्यात कुणाला घराचा पत्ता सांगायचा झाला तर आपण फीवर हॉस्पिटलपासून सुरुवात करतो. जुनी मंडळी त्याला अजूनही 'कोरंटी दवाखाना' म्हणतात. 'क्वारंटाइन' हा परका शब्द हैदराबादकरांच्या तोंडी घोळून घोळून 'कोरंटी' झाला. निजामाच्या राजवटीत, साथीच्या रोग्यांना वस्तीपासून वेगळे ठेवण्यासाठी हे रुग्णालय सुरू झाले. आज त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे. याच रॉस साहेबांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला आणि हिवताप डासामुळे पसरतो हे सिद्ध होण्याचा मार्ग मोकळा झाला.

पावसाळा लागला की या दवाखान्यापुढे रांग लागते. ताप चढला की माणूस आपण होऊन डॉक्टरकडे जातो. पण काही आजार ताप देत नाहीत, दुखत नाहीत, अंथरुणाला खिळवत नाहीत. ते वर्षानुवर्षे अंगात मुक्काम करतात आणि एके दिवशी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघेदुखी बनून बाहेर येतात. लठ्ठपणा हा असा आजार आहे. त्याच्यासाठी कुणी रांग लावत नाही. उलट आपण कौतुक करतो. मराठीत 'बाळसेदार' म्हणतो, शेजारचे हिंदीत 'खाते-पीते घर का' म्हणतात.

या अंकात आम्ही या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत. लठ्ठ माणसाने काय करावे, एवढाच हा प्रश्न नाही. आपल्या भागातील अंगणवाडी, शाळा, बस्ती दवाखाना, मोठे रुग्णालय आणि शिधावाटप यांनी मिळून काय करावे, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आमच्यापुढे कसा उभा राहिला, हेही सांगितले पाहिजे.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी शाळेत आरोग्यतपासणी झाली. तपासणी लवकर उरकावी म्हणून आम्ही मुलांना रांगेत उभे केले. एकाने काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने वहीत लिहायचा, अशी सोय केली. सातवीतील एका मुलीचा आकडा साऱ्या वर्गाने ऐकला. मधल्या सुट्टीपर्यंत तिला नवे नाव पडले होते. पुढच्या आठवड्यात तिचा डबा भरलेलाच घरी परत जाऊ लागला. दिवसभर उपाशी राहायचे आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून जे मिळेल ते खायचे, असे सुरू झाले.

तिची आई शाळेत आली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तुम्ही तिचं वजन सगळ्यांना सांगितलंत. पुढे काय करायचं ते मात्र कुणीच सांगितलं नाही."

आम्ही निरुत्तर झालो. मग चौकशी केली. एका दवाखान्यात त्या माउलीला 'कमी खायला घाला' एवढेच सांगितले होते. दुसऱ्या ठिकाणी पावडरचा महागडा डबा दाखवला होता. तिसऱ्या ठिकाणी मात्र एका बालरोगतज्ज्ञांनी तासभर दिला. मुलीची उंची मोजली. वाढीच्या तक्त्यावर खूण केली. रात्री घोरते का, किती वाजता झोपते, घरात कुणाला मधुमेह आहे का, असे विचारले. मान काळसर आणि मखमलीसारखी दिसते का, ते पाहिले, कारण शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती एक खूण असते. रक्तदाब घेतला. शेवटी म्हणाले, "हिचं वजन कमी करायचं नाही. ते आहे तिथे थांबवायचं. उंची वाढेल तसं प्रमाण आपोआप सुधारेल."

वाढत्या वयाच्या बहुतेक मुलांच्या बाबतीत हेच शास्त्र आहे. उपाशी ठेवून मूल बारीक करणे हा उपचार नव्हे. ती मुलगी पुढे दहावीत आमच्या थ्रोबॉलच्या संघात खेळली. ती सडपातळ झाली नाही. पण डबा संपवू लागली आणि मैदानावर येऊ लागली. आम्हाला तेवढे पुरेसे होते.

त्या माउलीचा 'पुढे काय?' हा प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. साऱ्या व्यवस्थेला विचारण्यासारखा तो प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण दर काही वर्षांनी होते. २००५-०६ साली देशातील १५ ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांपैकी सुमारे १३ स्त्रिया आणि शंभर पुरुषांपैकी सुमारे ९ पुरुष जास्त वजनाचे होते. २०१९-२१च्या सर्वेक्षणात स्त्रियांचे प्रमाण २४ आणि पुरुषांचे जवळपास २३ झाले. त्याच सर्वेक्षणात तेलंगणातील स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३० आणि पुरुषांचे सुमारे ३२ टक्के निघाले. म्हणजे आपले राज्य देशाच्या सरासरीच्या पुढे आहे. याच सर्वेक्षणात कुपोषित मुलेही मोठ्या संख्येने आढळतात. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, अशक्त बाळ आणि स्थूल आई दिसते. दोन्हींचे मूळ पुष्कळदा एकच असते. पोट भरते, पण पोषण होत नाही.

वजन मोजायचे कसे

विद्यार्थी मित्रांनो, हा भाग तुमच्या गणिताच्या वहीत करून पाहा. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला शरीरभार निर्देशांक म्हणतात. समजा, एका गृहस्थांची उंची १.६० मीटर आणि वजन ६४ किलो आहे. १.६० चा वर्ग २.५६. ६४ भागिले २.५६ म्हणजे २५.

जागतिक मापाने २५ ते ३० म्हणजे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. पण भारतीयांसाठी तज्ज्ञांनी हे माप खाली आणले आहे. २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. असे का? याचे उत्तर पुण्यातून आले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा शरीरभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा दोघांना सारखेच म्हणत होता, शरीर मात्र वेगळे सांगत होते. आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटाभोवती.

म्हणून काट्याइतकाच शिंप्याचा टेप महत्त्वाचा. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरपेक्षा आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असली तर सावध व्हावे. पॅन्टचा पट्टा पोटाखाली बांधून मोजू नये. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजावे.

मुलांना मोठ्यांचा नियम लावायचा नसतो. त्यांचे वय आणि उंची सतत बदलते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. मुलाचा बिंदू त्या तक्त्यावर वर्षानुवर्षे कोणत्या रेषेवर चालला आहे, हे पाहायचे असते. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही. रेषा सांगते.

पहिली पायरी : आईच्या पोटापासून

लठ्ठपणाची सुरुवात समोशापासून होते असे आपल्याला वाटते. संशोधन त्याच्या कितीतरी मागे जाते. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे लहान होती, हातपाय बारीक होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. आईचे पोषण अपुरे असले की बाळ जणू तुटवड्याची तयारी करूनच जगात येते. पुढे त्याला तुटवड्याऐवजी भरपूर साखर-तेल आणि बैठे जीवन मिळाले की तीच तयारी अंगाशी येते.

याची दुसरी बाजू आपल्या हैदराबादेत दिसली. नल्लकुंट्याहून विद्यानगर आणि उस्मानिया विद्यापीठ ओलांडले की तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था लागते. १९१८ साली तामिळ मुलखातील कुन्नूरला एका खोलीच्या प्रयोगशाळेतून सुरू झालेली ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली. या संस्थेने १९८७ ते १९९० या काळात शहराजवळच्या २९ गावांत एक प्रयोग केला. काही गावांतील गरोदर माता आणि लहान मुलांना रोज पूरक आहार मिळाला, बाकीच्या गावांत ती योजना अजून पोहोचली नव्हती. ती मुले तेरा ते अठरा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासले. ज्यांना लहानपणी आहार मिळाला होता ती मुले थोडी उंच होती, त्यांचे शरीर इन्शुलिनला अधिक चांगली दाद देत होते आणि रक्तवाहिन्याही कमी ताठर होत्या. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. अंगणवाडीतील वाटीभर खाऊचा हिशेब पंधरा वर्षांनी रक्तात सापडला!

तेव्हा अंगणवाडी ही केवळ कुपोषणाची योजना समजू नये. ती मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्या प्रतिबंधाचीही पहिली पायरी आहे. तेलंगणात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'आरोग्यलक्ष्मी' योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक पूर्ण जेवण, दूध आणि अंडे देण्याची तरतूद झाली. आपल्या घरी धुणी-भांडी करायला येणाऱ्या बाईंची सून गरोदर असेल तर तिला तिथे नाव नोंदवायला सांगणे, हेसुद्धा आरोग्यकार्यच आहे.

दुसरी पायरी : शाळा

केंद्र सरकारने २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात आरोग्यपथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. इतर शाळा आपापल्या सोयीने डॉक्टर बोलावतात. पण तपासणीचा कागद पालकांच्या हाती पडून तिथेच थांबला तर उपयोग काय?

आमच्या त्या चुकीनंतर आम्ही चार नियम केले. वजन-उंची पडद्यामागे, एकेकाचीच मोजायची आणि आकडा बोलायचा नाही. नोंद बंद पाकिटात फक्त पालकांना द्यायची. ज्या मुलाच्या पाकिटात 'डॉक्टरांना दाखवा' असे लिहिलेले असेल, त्याच्या पालकांना कुठल्या दवाखान्यात, कोणत्या वेळी जायचे तेही लिहून द्यायचे. आणि तीन महिन्यांनी 'जाऊन आलात का?' असे विचारायचे. चौथा नियम आमच्यासाठीच सर्वात कठीण ठरला : खेळाचा तास गणिताला किंवा विज्ञानाला द्यायचा नाही, परीक्षा जवळ आली तरी नाही. मुलांना रोज निदान साठ मिनिटे घाम येईल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती साठ मिनिटे घर देणार नसेल आणि शाळाही देणार नसेल, तर ती येणार कुठून?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट आणि अतितेलकट पदार्थ विकायला मनाई आहे. आमच्या फाटकापाशी आम्ही हे अंतर मोजले तर त्यात दोन दुकाने आणि संध्याकाळची एक गाडी आली. गाडीवाल्याशी भांडण केले नाही. उकडलेले शेंगदाणे, मक्याचे कणीस आणि चिरलेली फळे ठेवायला सांगितले. मक्याचे कणीस चालले. फळांचे अजून जमलेले नाही.

तिसरी पायरी : बस्ती दवाखाना आणि आशाताई

हैदराबादेत एप्रिल २०१८ पासून बस्ती दवाखाने सुरू झाले. घराजवळ डॉक्टर, नर्स आणि मोफत औषधे, अशी ही कल्पना. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'तेलंगणा डायग्नोस्टिक्स' योजनेची मध्यवर्ती प्रयोगशाळा आपल्या शेजारी नारायणगुड्याला उभी राहिली. रक्ताचा नमुना दवाखान्यात द्यायचा आणि तपासणी तिथे मोफत व्हायची. साखर, चरबी, थायरॉईड या तपासण्यांसाठी सामान्य माणसाला पदरमोड करावी लागू नये, हा त्यामागचा हेतू.

राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताई घरी येऊन एक अर्ज भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, आठवड्याचा व्यायाम, घरातील मधुमेहाचा इतिहास आणि कमरेचा घेर यांना गुण दिलेले असतात. एकूण गुण चारपेक्षा जास्त आले तर तपासणीला आधी बोलवायचे. पाहा, कमरेचा टेप सरकारी अर्जापर्यंत पोहोचला आहे! पण आपल्यापैकी किती घरांत आशाताई आल्यावर "आमच्याकडे सगळे ठीक आहे" म्हणून दारातूनच परत पाठवतात? मध्यमवर्गीय घरांनी हा संकोच सोडला पाहिजे.

मोजल्यानंतर पुढे काय, याचेही उत्तर आपल्या देशातच सापडले आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा अभ्यास केला आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना आहार आणि चालण्याविषयी नियमित मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. औषध घेणाऱ्या गटातही जवळपास तेवढीच घट होती. म्हणजे नियमित सल्ला हेसुद्धा औषध आहे. पण ते औषध एकदा देऊन भागत नाही. दर महिन्याला तेच माणूस भेटावे लागते, त्याचे ऐकावे लागते, पुन्हा सांगावे लागते. गर्दीच्या वेळी डॉक्टरला एका रोग्यासाठी दोन-तीन मिनिटे मिळतात. त्यात हे कसे साधेल? म्हणून प्रत्येक चार-पाच बस्ती दवाखान्यांना मिळून एक आहारसल्लागार असावा, आठवड्यातून एक दुपार फक्त वजनासाठी राखून ठेवावी आणि आलेल्या माणसाची वर्षभर एकच वही असावी, अशी आमची नम्र सूचना आहे. यासाठी नव्या इमारती लागत नाहीत.

चौथी पायरी : मोठे रुग्णालय

काहींना आहार आणि व्यायाम पुरत नाहीत. यात त्यांच्या इच्छाशक्तीचा दोष नसतो. वजन कमी होऊ लागले की शरीर भूक वाढवते आणि खर्च कमी करते. ही शरीराची जुनी सवय आहे. अशा रोग्यांसाठी औषधे आहेत आणि शस्त्रक्रियाही आहेत. आठवड्यातून एकदा टोचायची टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनावरची नवी औषधे २०२५ साली भारतात त्यासाठी विक्रीला आली. ती भूक शमवतात आणि वजन घटवतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत. मळमळ-उलट्या होऊ शकतात आणि औषध थांबवल्यावर वजन बहुधा परत चढते. ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून परस्पर इंजेक्शन आणणे म्हणजे विस्तवाशी खेळ.

फार जास्त वजन आणि त्यासोबत मधुमेह किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांसाठी जठराचा आकार लहान करणारी शस्त्रक्रिया असते. ती सौंदर्यासाठी नसते, प्राणासाठी असते. त्यानंतरही जन्मभर जीवनसत्त्वे आणि तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. ही सोय फक्त श्रीमंतांच्या रुग्णालयात राहिली तर गरिबाने काय करायचे? सरकारी रुग्णालयांनी हा विभाग वाढवला पाहिजे. आणि तिथून घरी आलेल्या रोग्याची वही पुन्हा त्याच्या बस्ती दवाखान्यात आली पाहिजे. नाहीतर साखळी तिथेच तुटते.

आणखी एक गोष्ट. दवाखान्यात लठ्ठ माणसाला मजबूत खुर्ची मिळावी, त्याच्या दंडाला पुरेल असा रक्तदाबाचा मोठा पट्टा असावा आणि त्याला कुणी टोमणा मारू नये. एकदा अपमान झालेला रोगी पुन्हा येत नाही. आम्ही हे आमच्याच वर्गात पाहिले आहे.

दवाखान्याच्या बाहेर

आता पुन्हा कोरंटी दवाखान्याकडे येऊ. पटकीचे रोगी तिथे बरे होत असत. पण पटकी कमी झाली ती केवळ दवाखान्यामुळे नव्हे. १९०८ साली मुसी नदीला महापूर आला. त्यानंतर सर विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून उस्मानसागर तलाव बांधला गेला आणि १९२० साली पूर्ण झाला. शहराला नळाने पाणी मिळू लागले. गटारे झाली, लसी आल्या. रोगी दवाखान्यात बरा होतो, पण रोग कमी होतो तो नळाने, गटाराने आणि लसीने.

मग लठ्ठपणाचा नळ कोणता? आमच्या मते तो शिधापत्रिकेच्या दुकानात, किराण्याच्या पुड्यावर आणि रस्त्याच्या कडेला आहे.

आपले पूर्वज मराठवाड्यातून आणि देशावरून इकडे आले तेव्हा त्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी होती. इथल्या तेलंगणी शेतकऱ्याच्या ताटातही 'जोन्न रोट्टे' म्हणजे तीच भाकरी होती. १९८३ साली आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला. भुकेल्या घरांसाठी ती मोठीच सोय होती. २०२५ पासून तेलंगणात शिधापत्रिकेवर बारीक तांदूळ देण्याची योजना सुरू झाली. भूक भागली, याचे मोल कमी नाही. पण ताटात भातच भात झाला आणि डाळ-भाजी मागे पडली. याच तांदळासोबत डाळ आणि ज्वारीही मिळाली तर तो शिधाच औषध ठरेल. ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्या राजेंद्रनगरलाच आहे.

परदेशातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात हृदयविकाराने तरुण माणसे दगावत होती. १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तिथे मोहीम सुरू झाली. डॉक्टर तर होतेच, पण त्यांनी गृहिणींच्या मंडळांना, दूधसंघांना, दुकानदारांना आणि शेतकऱ्यांनाही सोबत घेतले. लोणी आणि मीठ कमी केले, भाज्या आणि फळे वाढवली. पुढील चाळीस वर्षांत काम करत्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. ती मोहीम लठ्ठपणाची नव्हती, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. रोग्याच्या मागे लागण्याऐवजी त्यांनी गावाचे ताट बदलले.

घरी करून पाहावे

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांचे ताट दिले आहे. दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. म्हणजे जवळपास अर्धे ताट भाज्या-फळांचे. आपले ताट मात्र पोळी-भाताने भरलेले आणि भाजी कोपऱ्यात चमचाभर, असे असते.

१. घरात महिन्याला किती तेल-तूप लागते ते लिहा. चौघांच्या घराला वरच्या हिशेबाने साधारण साडेतीन लिटर पुरते. तुमचा आकडा किती येतो?

२. थंड पेयाच्या बाटलीवर १०० मिलिलिटरला किती ग्रॅम साखर आहे ते वाचा. बहुधा दहा-अकरा ग्रॅम असेल. मग ३०० मिलिलिटरच्या बाटलीत किती चमचे होतात? एक चमचा म्हणजे सुमारे चार ग्रॅम.

३. चतुर्थी-एकादशीच्या उपवासाला घरात काय काय झाले ते लिहा. साबुदाणा, बटाटा, तूप आणि शेंगदाणे यांच्याऐवजी ताक, फळे आणि राजगिरा घेतला तर उपवास मोडतो का, हे आजीला विचारा.

४. घरातील मोठ्यांची कंबर टेपने मोजा. आकडा त्यांना एकट्यालाच सांगा. जेवणाच्या टेबलावर जाहीर करू नका. आम्ही ती चूक करून बसलो आहोत, तुम्ही करू नका.

वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटण्याऐवजी केळी, चिक्की किंवा वाचनालयासाठी एक पुस्तक द्यावे, ही पालकांना विनंती. आणि मुलाच्या पाकिटात 'डॉक्टरांना दाखवा' असे लिहून आले तर लाजू नका, रागावू नका, पुढे ढकलू नका. ताप आला असता तर त्याच दिवशी गेला असतात ना? हा ताप नसलेला आजार आहे, एवढाच फरक.

पुढच्या वेळी एखादी माउली 'पुढे काय?' असे विचारत शाळेत आली, तर तिच्या हातात दवाखान्याचे नाव, वार आणि वेळ लिहिलेला कागद द्यायचा, एवढे आम्ही ठरवले आहे. त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला तिचे ऐकून घेणारे कुणी बसलेले असावे, ही व्यवस्थेकडून अपेक्षा.